अर्धी गोळी

थळच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवणारी हिरामावशी एकटीने काही खात-पीत नसे. चहाही नाही आणि रक्तदाबाची गोळीही नाही.

वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन मी तिच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा ती गोळी नुकतीच सुरू झाली होती. सकाळी मावशी पाकीट घेऊन ओट्यावर बसे. येणाऱ्याजाणाऱ्या बाईने कपाळाला हात लावला की हाक मारी, "गरगरतंय? ये गं, अर्धी तू, अर्धी मी."

मी आरोग्याच्या बातम्या लिहिण्यात उमेदीची वर्षे घालवली होती. समजावले, "मावशी, ही डॉक्टरांनी तुम्हाला दिलीय. या बायकांना अपाय होईल आणि तुम्हाला पुरणार नाही."

"भाऊ, पापलेट आलं तर शेजारी देतो ना? मंग गोळी लपवून खाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांचा दाब कुणी तपासलाय?"

"तुमी लई तपासता. पेपरातला माणूस, माया म्हणून न्हाय!"

शेवटी मी तिला डॉक्टरांपुढे उभी केली. ते रागावले. मावशीने निमूट मान डोलावली आणि बाहेर पडताच बाकावरच्या एका म्हातारीच्या हातावर गोळी ठेवली. मी ती काढून घेतली. वाटभर मावशी माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र कालवणाची वाटी आली, नेहमीसारखी खारट. मीठ कमी करा, हेही सांगून मी थकलो होतो.

शिमग्याच्या तोंडावर ती ओट्यावरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शुद्ध आली नाही. घरात गोळ्यांची पाकिटे सापडली, सगळी रिकामी.

बाराव्याची जेवणे उरकल्यावर आळीतली जनाबाई आणि तिची जाऊ माझ्या दारात आल्या.

"भाऊ, आता गोळी कुनाकडं मागायची?"

माझे डोके फिरले. "अहो, तिला तिची पुरी गोळी मिळाली नाही, म्हणून ती गेली!"

दोघी जागच्या हलल्या नाहीत. जनाबाई खाली बघत म्हणाली, "म्हनूनच आलो. आमची आमाला मिळंल का? एकटीनं दवाखान्यात जायला भ्या वाटतं."

मी चरफडत रिक्षा बोलावली. दोघी आत बसल्या, तोवर शेजारच्या दारांतून आणखी तिघी पदर सावरत बाहेर आल्या. मला दुसरी रिक्षा बोलवावी लागली.