कडक पिशवी

"तहानलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही, हा कुठला न्याय?"

दवाखान्याच्या दाराआडून मामींनी हे भांडण ऐकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आत इस्त्रीवाले मामा डॉक्टरांवर तडकले होते. "मामा, मूत्रपिंडं थकलीत तुमची. प्यालेलं पाणी जाणार कुठून?" डॉक्टर म्हणाले.

मग नर्सबाईंनी मामींना पिशव्या लावायला शिकवलं. नळीतून गोड पाणी पोटात सोडायचं. तिथे एक पातळ पडदा असतो. साखर त्या पडद्यातून रक्तातलं जास्तीचं पाणी आपल्याकडे ओढून घेते, मागोमाग घाणही पाझरते. मग सगळं बाहेर काढायचं.

"म्हणजे पोटात गाळणी," मामा म्हणाले, "फक्त चहा मिळायचा नाही!"

मामी हसल्या खऱ्या. पण कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याकडे मामा कसे टक लावून बघतात, ते त्यांना बघवेना. एकदा तर ओल्या कॉलरला ओठ लावताना सापडले. तेव्हा मामींनी स्वतःचंच डोकं चालवलं. कडक पिशवीत साखर जास्त, ती पाणीही जास्त ओढते. सूज आली तरच लावायची ती पिशवी त्या रोज लावू लागल्या आणि मामांना रोज पेलाभर पाणी देऊ लागल्या.

"अगं, तू तर डॉक्टरीण निघालीस!" मामा खूश.

पण रोजच्या त्या साखरेने पडदा बिघडला. साखरच झटकन पलीकडे निसटू लागली, मग पाणी ओढणार कोण? जेवढं आत जाई, तेवढंच बाहेर येई. मामांचे पाय फुगले, जिना चढताना धाप लागू लागली.

"कडक पिशव्या रोज कोणी लावल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," मामा म्हणाले. "तिला काय कळतंय त्यातलं!"

आता रक्त गाळणाऱ्या मोठ्या मशीनवर जायचं ठरलं. तिथे जागा मिळेपर्यंत पाणी घोटभरच.

"खोटं का बोललात हो?" घरी येऊन मामी रडल्या.

"तू एवढं पाणी पाजलंस, मी चार शिव्या खाल्ल्या. फिटंफाट. तो पेला तेवढा उचलून ठेव."

जागा मिळायच्या आतच मामा गेले. आदल्या दिवशी मात्र इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन कठड्याला धरत धरत ते नेहमीच्या गिऱ्हाईक मास्तरीणबाईंकडे जिना चढले, मागून मामी.

"अहो मामा, केवढे दमलात! पाणी आणू?"

"नको बाई," मामा नेहमीसारखंच म्हणाले, "आत्ताच घरून पिऊन निघालोय. साड्या गाठोड्यात वर ठेवल्यात, चुरगळू देऊ नका."