शिक्क्याच्या डब्यातलं पाकीट

फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला आणि तिरक्या बाजूला काय म्हणतात तेच आठवेना. चोवीस वर्षं मी मुलुंडच्या शाळेत दहावीला भूमिती शिकवतेय. खडू हातात, बोट त्या रेघेवर, आणि डोक्यात काहीच नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "कर्ण, मॅडम."

मी बावन्न वर्षांची होते. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. असं तीनदा घडल्यावर मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "दिवाळीपर्यंत दहावी दुसऱ्या सरांना देऊ या. तुम्ही पाचवी घ्या, सोपं जाईल. मग बघू." पाचवी सोपी असते हे ज्यांनी कधी पाचवी शिकवली नाही तेच म्हणू शकतात. मला माझी दहावी परत हवी होती, बास.

घरी सासूबाईंनी बदाम भिजत घातले. जाऊबाईंनी ब्राह्मीची बाटली पाठवली. "या वयात होतंच गं." होतंच म्हणजे काय? मोतीबिंदूही होतोच, त्याला कोणी बदाम चारत नाही.

शेवटी घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. नवरा बरोबर आला. "विसरायला होतं का?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "पहिल्यापासून वेंधळीच आहे हो ती."

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या. तेवढ्यावरून मला त्या आवडल्या. सगळ्या तपासण्या करून त्यांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, आणि स्पष्ट सांगितलं. "ही स्मरणशक्तीची गोळी नाही. म्हातारपणी डोकं शाबूत ठेवेल, असंही कोणी सांगितलं तर ऐकू नका. पण तुमच्या अंगातून वाफा निघतात, झोपेचं खोबरं झालंय. झोप लागली तर बरंचसं जागेवर येईल." धोके कोणते, कधी थांबायचं, तेही सांगितलं. तीन आठवड्यांत मी सलग झोपू लागले.

आणि गोळ्यांचं पाकीट हरवलं.

तीन दिवस घर उलथंपालथं केलं. पिठाच्या डब्यात हात घातला, वॉशिंग मशीनमध्ये डोकं घातलं. नवरा पेपरमागून म्हणाला, "परत हरवलंस ना?" मग उठून माझ्याबरोबर शोधायलाही लागला, सोफ्याच्या गाद्या उचलून बघितल्या त्याने. गोळ्या दुसऱ्या आणता आल्या असत्या. पण आपण ठेवलेली वस्तू आपल्यालाच सापडत नाही, म्हणजे डोकं गेलंच, अशी माझी खात्री झाली. शनिवारी बसून मी अर्ज लिहिला, यापुढे मला दहावी देऊ नये म्हणून. सोमवारी द्यायचा होता.

रविवारी वरच्या मजल्यावरचे काका सोसायटीचं पत्र घेऊन आले, शिक्का हवा होता. नवरा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा दाढी करायला गेला होता. मी फोन केला. "अगं, कपाटात डबा आहे ना, त्यातला शिक्का काढून मारून दे," तो म्हणाला. त्या डब्याला घरात दुसरं कोणी हात लावत नाही.

डब्यात शिक्का होता, शाईचं पॅड होतं आणि पॅडखाली माझं पाकीट.

आधी काकांच्या पत्रावर शिक्का मारला, सरळ, ठसठशीत. ते गेल्यावर अर्ज फाडला.

तो आला तेव्हा पाकीट टेबलावर ठेवलं होतं. चेहरा पडला त्याचा. "ग्रुपवर आलं होतं, या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणून. तुझ्या काळजीपोटीच ठेवलं गं."

"काळजी होती तर डॉक्टरांना फोन करायचास. तीन दिवस मी वेड्यासारखी शोधत होते. तू माझ्याबरोबर सोफ्याखाली वाकून बघत होतास! लाज नाही वाटली तुला?"

त्याने पाकीट उचललं, परत ठेवलं.

"आणि मग डबा उघडायला मलाच कसं काय सांगितलंस?"

त्याने डोकं खाजवलं. "तिथे ठेवलंय हेच विसरलो यार."

छप्पन्न वर्षांचा माणूस. त्याच्यासाठी कोणी बदाम भिजवणार नव्हतं, त्याचं सेक्रेटरीपद कोणी काढून घेणार नव्हतं.

"विसरलास?" मी म्हटलं. "उद्या शाळा सुटली की डॉक्टरकडे चल. तू नुसता बस तिथे. तुझ्याबद्दल जे विचारतील त्याची उत्तरं मी देईन."