शेल्फवर ठेवलेला अलार्म

"मालक, फोन टाका त्यो! गूळ लागतोय खाली, गूळ!" हिराबाई मावशी कढईपाशी उभ्या राहून ओरडत होत्या, वर भिंतीवर भोंगा बोंबलत होता, आणि मी एका कानाला फोन लावून, दुसऱ्या कानात बोट घालून आमच्या वलवणच्या चिक्की कारखान्याच्या मधोमध उभा होतो. फोनवर बेडशाचे भीमरावदादा होते, माझा मित्र सिद्धार्थ गायकवाड याचे थोरले भाऊ. ते काहीतरी सांगत होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दादांचा फोन म्हणजे घरी पाहुणे आले असणार, चिक्की हवी असणार, हे मीच ठरवून टाकलं आणि पत्रे हादरतील अशा आवाजात म्हणालो, "न्या की दादा! लागेल तेवढी न्या, आख्खं बेडसं गोड करून टाकू!" तेवढ्यात मावशींनी ढवळणीची मोटर पुन्हा चालू केली, भोंगा थांबला, आणि त्या शांततेत दादांचा आवाज स्वच्छ आला. "इलासशेठ, आपला सिद्धू न्हाई राहिला. सकाळीच... तळेगावात घरी आणलाय. तुमी या."

ज्या माणसाला "तोंड आवर" म्हणून म्हणून आख्खं मावळ थकलं, तो मी. चिक्की न्या, म्हणालो होतो मी. भाऊ भावाचं मरण सांगत होता आणि मी त्याला चिक्की देत होतो... याला आता काही आठवडे झाले, पण अजूनही मोटर थांबून भोंगा वाजला की माझा हात आधी खिशातल्या फोनवर जातो, तो बंद करायला.

सिद्धू बेडशाचा. लेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं घर, थोडी भातशेती. शाळेसाठी तो लोणावळ्यात आत्याकडे राहायला आला आणि वर्गात नेमका माझ्या शेजारी बसला. मी तेव्हापासून असाच. लोणावळ्यात एकदा धुकं इतकं दाट पडलं होतं की आमची म्हैस चुकून दुसऱ्याच्या गोठ्यात गेली आणि तिथंच दूध देऊन आली, हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. बाकीची पोरं हसली. हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "किती लिटर?" वलवणच्या धरणात मी धरलेला मासा बाहेर काढल्यावर पाण्याची पातळी फूटभर उतरली, हेही त्यानं तसंच ऐकून घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर माशाचा आकार काढायला बसला. तो आकार आमच्या शाळेपेक्षा मोठा निघाला. "तू सरसकट दसपट सांगतोस," त्यानं निकाल दिला. "म्हणजे दहानं भागलं की खरं कळतं. नेहमी एकाच मापानं चुकणारं मीटर चांगलं असतं, विल्या. कधी बरोबर, कधी चूक, असलं मीटर फेकून द्यावं लागतं." माझं इतकं कौतुक आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही. पुढे तो खरोखरच मीटरांचा माणूस झाला. इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, मग प्राध्यापक, मग डॉक्टर. भीमरावदादा अभिमानानं गावभर सांगायचे, "आमचा सिद्धू डॉक्टर झाला," आणि दुसऱ्या दिवशी दारात गुडघेदुखीचे दोघेतिघे येऊन बसायचे.

त्याचं संशोधन काय होतं, हे मी माझ्या अकलेप्रमाणे सांगतो. मोठ्या कारखान्यात आता माणूस हातानं व्हॉल्व फिरवत नाही. तापमान, दाब, टाकीतली पातळी, सगळं यंत्रच सांभाळतं. माणूस एका गार खोलीत पडद्यासमोर बसतो आणि यंत्रावर नजर ठेवतो. काही बिघडायला लागलं की यंत्र त्याला हाक मारतं. ही हाक म्हणजे अलार्म. सिद्धूचा सगळ्या जन्माचा प्रश्न एवढाच होता, की यंत्र हाक मारतं, तर माणूस ओ का देत नाही?

या प्रश्नाला उत्तेजन दिलं ते माझ्या कारखान्यानं, असं मी चारचौघांत सांगत आलोय आणि या एका गोष्टीत भागाकाराची गरज नाही. गूळ शिजवायच्या कढईला मी नवीन पॅनल बसवलं होतं. विकणाऱ्यानं त्यात इतके अलार्म भरले होते की झाकण उघडलं की भोंगा, बंद केलं की भोंगा, वीज जरा कमी झाली की भोंगा. "ह्ये पोरगं सारकंच रडतंय," हिराबाई मावशी म्हणाल्या, "याला कुणी घ्यायचं?" आणि त्यांनी भोंग्याच्या तोंडात पंच्याचा बोळा कोंबला. उरला लाल दिवा. खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा केली, पॅनललाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा दणदणीत हार घातला आणि तो नेमका त्या दिव्यावर बसला. दिवा हाराआड बिचारा जळतोय, गूळ कढईत करपतोय, आणि आम्ही सगळे पॅनलला हात जोडून उभे! तो धूर पाहून खंडाळ्याच्या घाटात मालगाड्या थांबल्या होत्या. बरं, मालगाड्या नसतील थांबल्या, पण शेजारच्या बाई बादली घेऊन आल्या होत्या, हे खरं.

मी सिद्धूला बोलावलं तो पॅनल बदलून दे म्हणून. त्यानं पॅनलला हातच लावला नाही. एक प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, भिंतीला टेकून बसला आणि नुसता बघत राहिला. मावशींशी तो बेडशाच्या बोलीत बोलायचा. "मावशे, मी हितं न्हाईच आसं समजा. माज्याशी बोलू नगा, माज्याकडं बगू नगा." मावशी म्हणाल्या, "आन् चा आला तर कुनाला द्यायचा, भिताडाला?" "भिताडापाशी ठिवा," तो म्हणाला. हीच त्याची कामाची रीत. कुठल्याही कारखान्यात गेला की कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचा, हलायचा नाही, बोलायचा नाही. माणसं त्याला विसरली की मगच ती खरी वागतात, असं त्याचं म्हणणं. आठवडाभर बसून त्यानं आम्हाला सांगितलं की भोंगा वाजला की तुम्ही कढईकडे बघत नाही, भोंग्याकडे बघता. आधी त्याला गप्प करता, मग आपापल्या कामाला लागता. मग त्यानं एकेक अलार्म माझ्यासमोर मांडला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला लावला: तू ओरडलास तर कुणी नेमकं काय करायचं? ज्याला उत्तर नव्हतं तो काढून टाकला. उरले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि ते वाजले की मावशी आजही खरोखर धावतात. हाराचा फोटो त्याच्या शोधनिबंधात गेला आणि त्याच्याबरोबर परदेशातल्या परिषदेतही. माझ्या माहितीप्रमाणे तिथले शास्त्रज्ञ उभे राहून टाळ्या वाजवत होते. सिद्धूच्या माहितीप्रमाणे हॉल अर्धा रिकामा होता आणि पहिल्या रांगेतला गृहस्थ झोपला होता.

त्यानंच मला शेल्फची गोष्ट सांगितली होती. एखादा अलार्म उगाचच येतो आणि जातो, त्याचं कारण ठाऊक आहे, दुरुस्ती पुढे करायची आहे, तर तेवढ्या काळापुरता तो बाजूला ठेवता येतो. त्यांच्या धंद्यात याला शेल्फवर ठेवणं म्हणतात. वाजत नाही, दिसत नाही. "पण नियम आहे," सिद्धू म्हणायचा. "शिफ्टमधल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवायचा. एकट्यानं गुपचूप नाही."

शेवटची भेट झाली ती पवनानगरला. त्याचं तिकडच्या एका दूध प्रकल्पात काम चाललं होतं, मी पर्यटकांच्या तंबूवाल्यांना चिक्की पोचवायला गेलो होतो. धरणाकाठच्या टपरीवर भजी मागवली. मी तंबूत शिरलेल्या बिबट्याची गोष्ट रंगात आणली होती... बिबट्यानं पर्यटकाचं पांघरूण ओढून घेतलं इथपर्यंत पोचलो होतो, आणि सिद्धूनं भजं खाली ठेवलं. छातीवर मधोमध तळवा दाबून धरला. कपाळावर घाम. थंडीचे दिवस, धरणावरचं वारं, आणि याला घाम. "काय रे?" मी म्हणालो.

"काही नाही. अलार्म आहे. येतो, जातो. पित्त असणार." थोडा वेळ थांबून त्यानं पुन्हा भजं उचललं. "प्रकल्पाचं काम संपेपर्यंत शेल्फवर ठेवलाय. आणि बघ, नियम पाळला. दुसऱ्या माणसाला सांगितलं."

"कुणाला?"

"तुला की!" आणि हसला.

मी जो काही आरडाओरडा केला तो धरणापलीकडे ऐकू गेला असेल. गाढवा म्हणालो, वेड्या म्हणालो, आत्ताच्या आत्ता गाडीत बस म्हणालो, शर्टाला धरून ओढलं. टपरीवाला भांडण समजून सोडवायला आला. सिद्धू शांतपणे शर्ट नीट करत त्याला म्हणाला, "घाबरू नका भाऊ, आमचे शेठ बोलतातच असे." आणि सीटा भरून नेणारी वडाप जीप आली तशी तो तिच्यात बसून निघून गेला.

त्याच संध्याकाळी मी उज्ज्वलावहिनींना फोन केला. सिद्धूची बायको, तळेगावच्या शाळेत शिक्षिका. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे... माझ्या पद्धतीनं सांगितलं. छातीत कळ आली सांगितलं, घाम फुटला सांगितलं, आणि जीभ थांबेना म्हणून तो पांढराफटक पडून कोसळला, टपरीवाल्यानं तोंडावर घागरभर पाणी मारलं तेव्हा शुद्धीवर आला, हेही सांगितलं. मला वाटलं, नुसता घाम सांगितला तर कोण हलणार? वहिनींनी ऐकून घेतलं. "बरं भाऊजी, बघते मी," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं की काळजी, ते मला कळलं नाही. तेव्हा नाही कळलं, आणि नंतर तेच डोक्यात घोळत राहिलं.

तो गेला तो त्या दूध प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बेडशाला बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, आणि मांडवाच्या कडेला तिथला शिफ्टचा ऑपरेटर हात बांधून उभा होता. त्यानं मला सांगितलं. सर नेहमीसारखे मागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. भिंतीला डोकं टेकलेलं, हातात पेन. तुमच्या मागे कुणी नाहीच असं समजा, हे सरांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. "आम्ही काम करत होतो साहेब. पडद्यावर अलार्म येत होते, आम्ही एकेक घेऊन निस्तरत होतो. मी दोनदा मागं वळून बघितलं. मला वाटलं, सर निरीक्षण करतायत. चहा आला, त्यांच्याजवळ ठेवला. बराच वेळ झाला, चहावर साय धरली... सर चहा कधी गार होऊ देत नव्हते. म्हणून हाक मारली." मी आयुष्यात इतक्या थापा रचल्या, वाघ रचले, मासे रचले, पण हे मला रचता आलं नसतं. चार माणसांच्या खोलीत, जिथली प्रत्येक टाकी, प्रत्येक पाइप थोडा गरम झाला तरी बोंब मारतो, तिथं एक माणूस गेला आणि कुणाला कळलं नाही. आणि त्यात कुणाचीही चूक नाही. ते त्यानं शिकवलेलंच नीट पाळत होते.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. वहिनींना विचारायचं होतं की मी फोन केला तेव्हा तुम्हाला ती माझी नेहमीची गोष्ट वाटली का? हो म्हणाल्या असत्या तर काय केलं असतं, ठाऊक नाही. पण न विचारता मला झोप लागत नव्हती, आणि माझ्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मी घरात हळू आवाजात बोलायला लागलो होतो, याची तिला भीती वाटत होती.

गेल्या रविवारी तळेगावला गेलो. वहिनींनी मला त्याच्या खोलीत बसवलं. खोली आहे तशीच आहे. खिडकीशी टेबल, त्यावर चष्म्याची पेटी. खुर्ची भिंतीकडे पाठ करून, कारण पाठीमागे भिंत नसली तर याला सुचायचं नाही. भिंतीवर डोकं टेकून टेकून रंगावर एक तेलकट गोल उमटलाय, बशीएवढा. वहिनी म्हणाल्या, दिवाळीला रंग द्यायचं ठरलं होतं, आता राहू दे. त्या खुर्चीत मी बसलो नाही. पलंगाच्या कडेला बसलो, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला आणि विचारलं. अगदी साधं विचारलं, एक शब्द वाढवला नाही. "वहिनी, मी त्या दिवशी फोनवर सांगितलं, ते तुम्हाला खरं वाटलं नव्हतं का?"

वहिनी खिडकीचं दार ओढून घेत होत्या. कडी लावली, पडदा सारखा केला.

"वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी आल्या आल्या विचारलं मी त्यांना. म्हणाले, विल्याचं काय मनावर घेतेस."