दाइजोबु म्हणजे नको

“दाइजोबु,” असं म्हणून ती तळहात ताटलीवर आडवा धरायची.

बर्मिंगहॅमला आमच्या शेजारच्या घरात आलेल्या जपानी कुटुंबातली ही चौदा वर्षांची मुलगी. आई कामावरून साडेपाचला यायची, म्हणून शाळा सुटली की ही माझ्या स्वयंपाकघरात. दाइजोबु म्हणजे ‘ठीक आहे’, एवढं मला ठाऊक होतं. ठीक आहे म्हणतेय, म्हणजे वाढा. मी आणखी दोन डाव उपमा वाढायची, ती मुकाट्याने संपवायची. दोन महिन्यांनी तिच्या आईने फार अदबीने सांगितलं, की त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असाही होतो. हसा, हसा. तुम्हीही वाढलाच असता.

तेव्हापासून मी शहाणी झाले. नको म्हणजे नको.

शाळेतल्या मैत्रिणींशी ती अस्सल इथल्या पोरींसारखी बोलायची, आईशी बारीक, गोड आवाजात. एकदा म्हणाली, “आजी, यातली खरी मी कुठली?”

मी माझी जुनी फुशारकी काढली. चोविसाव्या वर्षी पुण्याहून आले, ऑफिसात कुणाला सुलोचना म्हणता येईना, आठवड्यात ‘सू’ झाले. केस कापले, आरशासमोर ‘हाय, आयॅम सू’ घोकलं. केवढी मॉडर्न समजत होते स्वतःला, माकडीण.

ती हसली नाही. “मग सुलोचना कुठे गेली?”

मी कुकर बघायला उठले. कुकर लावलेलाच नव्हता.

त्या हिवाळ्यात तिने शाळेत जाणं सोडलं, मग खोलीबाहेर येणंही. मी डबा घेऊन वर तिच्या खोलीशी गेले. दार चार बोटं उघडलं. डोळे सुजलेले.

“काय झालं गं? आत येऊ?”

“दाइजोबु, आजी.”

आणि मी, नवी शहाणी, डबा दाराशी ठेवून घरी आले. जन्मभर नको तिथे आग्रह केला. करायला हवा होता तो त्या दिवशी.

मार्चमध्ये ते जपानला परतले. परवा तिच्या आईचा मेसेज आला. तिथल्या वर्गात तिला ‘इंग्लंडवाली’ म्हणत. आता ती तिथेही खोलीतच असते, कुणाशीच बोलत नाही. मेसेजच्या शेवटी आईने विचारलं होतं, ‘तुमच्याकडे ती रोज बसायची. काय सांगायची तुम्हाला?’

अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू? बोलत मीच असायचे.