ब्याऐंशी किलो

माझ्या डर्ट बाईकचे पुढचे शॉकअप सर्व्हिसिंगसाठी उघडले होते. काळं पडलेलं तेल ट्रेमध्ये निथळत होतं. बापू मिस्त्रींनी विचारलं, "ताई, वजन किती? खरं सांगा, स्प्रिंग त्यावर ठरते."

गॅरेजात चार पुरुष उभे होते. "ब्याऐंशी किलो," मी मोठ्यानं म्हणाले. एकजण फिसकन हसला. बापूंनी मात्र फळीवरून जास्त कडक स्प्रिंग काढली.

कपड्यांच्या दुकानदारापासून मला बघायला आलेल्या स्थळांपर्यंत सगळ्यांनी मलाच बारीक व्हायला सांगितलं. इथे पहिल्यांदाच मी आहे तशी राहणार होते, बदलणार होतं ते लोखंड.

गाडी जोडून झाल्यावर मी हेल्मेट-बूट चढवून बसले. शॉकअप जरासे दबले आणि तिथेच ठाम राहिले.

"सरका बाजूला," मी त्या हसणाऱ्याला म्हटलं आणि किक मारली.