सुतकातली मॅच

वडील गेले आणि त्याच आठवड्यात बडनेऱ्याच्या संघाची अकोल्याला मॅच आली. जिंकलो तर वरच्या गटात जाणार होतो. गोलकीपर माझा थोरला भाऊ; वडिलांना अग्नी त्यानंच दिलेला. भेटायला आलेली माणसं ओसरीवर वाद घालत होती.

"वरचा गट पुढच्या वर्षीही येते," काका म्हणाले. "दहावं होईस्तोवर त्यानं घर सोडू नाही."

"चेंडूले सुतक नसते, काका," शेजारी म्हणाले. "याच्या बापानं जन्मभर याच मॅचची वाट पाह्यली."

आई आतून म्हणाली, "जाऊ द्या त्याले. इथं बसून काय करून राहिला?"

तो गेला. रात्री परतला, हातपाय धुऊन जेवायला बसला. निकाल कोणी विचारला नाही. आमच्याकडे ते काम वडिलांचं होतं. जिंकल्याचं सकाळी शेजाऱ्यांकडून कळलं.