बारवेतलं पाच नंबरचं फूल

वाशिमचा सैफुद्दीन बांधकाम कचेरीत ट्रेसर होता. जुने नकाशे नव्याने उतरवायचं त्याचं काम, आणि त्याच्या हातची रेघ केसासारखी बारीक. पंचाहत्तर साली शेलूबाजारच्या पलीकडल्या एका खेड्यातली जुनी बारव दुरुस्त करायचं ठरलं. तिचे फूट-इंचातले नकाशे मीटरमध्ये काढायला त्याच्याकडे आले.

खांबांपाशी येऊन त्याचा हात थांबला. जुन्या नकाशाकाराने प्रत्येक खांबावर फूल काढत बसायचा त्रास वाचवला होता. जिथे फूल, तिथे नुसतं वर्तुळ आणि आत पाचाचा आकडा. पाच नंबरचं फूल एकदाच, वेगळ्या कागदावर काढलेलं. आणि तो कागद वाळवीने कधीच खाल्लेला. साहेब म्हणाले, वर्तुळं तशीच राहू दे. सैफुद्दीनला ते पटेना. रिकाम्या वर्तुळातून पाथरवट काय कोरणार? तो एसटीने बारवेवर गेला.

तिथली फुलंही झिजलेली. कुठे दोन पाकळ्या शिल्लक, कुठे नुसता देठ. तुकडे जुळवून पाहिले, पण पाकळ्यांमधली नक्षी काही केल्या जुळेना. दुपार कलली. पायरीखालच्या मोठ्या फरशीवर गावातली चतुराबाई नावाची म्हातारी धुणं आटोपून पिळे बादलीत भरत होती. फरशी वाळू लागली तसा सैफुद्दीन पाहतच राहिला. सगळीकडचं पाणी उडालं, पण काही बारीक रेघांत ते तसंच चमकत राहिलं. रेघा वळल्या, एकमेकींना मिळाल्या, आणि हातभर रुंदीचं फूल उमटलं.

त्याने चतुराबाईला हाक मारून दाखवलं. ती वाकली. एका ओल्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

"लगन होऊन आली तवापासून याच फरशीवर धुणं धुऊन राह्यली," ती हळूच म्हणाली. "मले कदी दिसलं नाई." आणि तिने फरशीवरचा पाय अलगद मागे घेतला.

सैफुद्दीनने ट्रेसिंगचं कापड अंथरून फूल उतरवलं आणि एकेका खांबाला लावून पाहिलं. उरलेली प्रत्येक पाकळी रेघेवर रेघ बसली. पाथरवटांनी आधी इथे फूल कोरून आखलं होतं, आणि मग त्या एका फुलावरून सगळे खांब घडवले होते. एका पाकळीपाशी दोन रेघा होत्या. एक चुकलेली, दुसरी सुधारलेली. अशी चूक तोही ब्लेडने शाई खरवडून सुधारायचा. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याचा हात नेमका कुठे घसरला ते सैफुद्दीनला दिसत होतं.

नव्या नकाशात त्याने खांबोखांबी फुलं भरली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तशीच ती दगडात उतरली. चतुराबाईने धुणं पलीकडच्या दगडावर नेलं. कोणी पाहुणा आला, की ती फरशीवर कळशीभर पाणी ओतायची आणि वाळेपर्यंत शेजारी बसून राहायची.